गुमदानच्या नवऱ्याची तिथी

ज्यांच्या मरणाची तिथी ठाऊक नाही त्यांचं श्राद्ध आमच्याकडे नवव्या महिन्याच्या नवमीला करतात. आमच्या ग्योदोंग बेटावर त्या दिवशी पहाटेपासून टोफूसाठी रांग लागते. बाजारातली निम्मी घरं कोरियातल्या उत्तर-दक्षिण लढाईच्या वर्षी पाण्यापलीकडच्या, आता उत्तरेत गेलेल्या योनबेकमधून होडीनं आलेली, आणि पलीकडे राहिलेल्या आईबापांची, भावंडांची तिथी कुणालाच माहीत नाही. मग सगळ्यांची एकच तिथी. त्या दिवशीचा टोफू गुमदानताई करायच्या. सगळी गिऱ्हाइकं आटोपली की उरलेल्यातला एक चौकोन तिळाच्या तेलात परतून त्या आपल्या नवऱ्याचं ताट मांडायच्या.

मी लग्न होऊन बेटावर आले तेव्हा माझ्या यजमानांचं औषधांचं दुकान आणि ताईंचं टोफूचं दुकान यांच्यात एकच भिंत होती, तीही फळ्यांची. मी इंचॉनच्या नन्सच्या शाळेत शिकलेली, बाप्तिस्म्याचं नाव अगाथा. पण ताईंनी पहिल्या दिवसापासून मला ‘औषधवालीण’ करून टाकलं. मी त्यांना ताई म्हणायची. बाकी बाजार त्यांना मुलाच्या नावानं ‘हाक्जुनची आई’ म्हणायचा. त्यांचं स्वतःचं नाव प्यो गुमदान. ते नाव घेणारं माणूस बेटावर उरलंच नव्हतं.

त्यांची हकिकत बाजारात सगळ्यांना पाठ होती. एकोणीस वर्षांच्या असताना, हिवाळ्यात, नवऱ्याबरोबर होडीनं बेटावर आल्या. चार दिवसांत गोळीबार थांबेल आणि परत जाऊ, असं ठरवूनच सगळे आले होते. कुणी स्वयंपाकघराला कुलूप लावून आलं, कुणी तेही न लावता. ताईंच्या सासूबाई मात्र आल्याच नाहीत. ‘डुकरिणीला पिल्लं व्हायचीत,’ म्हणाल्या. चाराचे चाळीस दिवस झाले. बेटावर खायला काही उरलं नाही. ताई पाचव्या महिन्यात. तेव्हा पेक छुनसिक, म्हणजे त्यांचा नवरा, परसात पुरून ठेवलेला तांदूळ आणि आई, दोन्ही घेऊन येतो म्हणून आणखी सहा जणांबरोबर अंधारात होडी घेऊन गेला. पाणी इतकं अरुंद की पलीकडच्या बांधावर गाय कोण हाकतंय ते इथून दिसतं. पाण्यावर गोळीबार झाला. एक माणूस पोहत परत आला. होडी उलटली, बाकी सगळे गेले, असं त्यानं सांगितलं.

ताईंनी तीन वर्षं वाट पाहिली. मग पहिल्यांदा ताट मांडलं, नवऱ्याचं आणि सासूचंही.

ते ताट मी किती वेळा पाहिलं असेल! तेव्हा ताईंकडे हाक्जुन सोडून कुणी नव्हतं, म्हणून मदतीला मी जायची. पांढरा भात, मुळ्याचं सार, खारवलेला मासा, परतलेला टोफू, नेच्याच्या वाळवलेल्या कोंबांची भाजी, एक नासपती. लसूण नाही, लाल तिखट नाही. पितरांना ते चालत नाही. हाक्जुन कपाळ टेकून नमस्कार करायचा. मग ताई चमचा उचलायच्या आणि भाताच्या वाडग्यात मधोमध उभा रोवायच्या. मेलेल्या माणसाला जेवायला बोलवायचं ते तसं. जिवंत माणसाच्या भातात कुणी चमचा उभा ठेवत नाही. लहान मुलानं खेळता खेळता केलं तरी पाठीत धपाटा बसतो. चमचा रोवला की सगळ्यांनी बाहेर यायचं, दार ओढून घ्यायचं. तो जेवतोय म्हणून.

दार ओढता ओढता ताई त्याला बोलून घ्यायच्या. “खा रे. मासा महाग झालाय, टाकू नकोस. आणि पोरगं यंदा गणितात नापास झालंय, तुझ्यावर गेलंय.” मला पहिल्यांदा नवलच वाटलं. नवऱ्याला अरेतुरे! एकदा विचारलं तर म्हणाल्या, “अगं, तो एकवीस वर्षांचा आहे. मी पस्तीस. त्याला काय अहो म्हणू?”

बाजारात सोकजे नावाचा न्हावी होता, योनबेकचाच, छुनसिकच्या गल्लीतला. त्याच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला तो सांगायचा, “पुढच्या वर्षी नक्की. दोन्हीकडचे मोठे लोक भेटतायत. पुढच्या वर्षी आपण आपल्या घरी.”

ताई टोफूची पाटी घेऊन दारावरून जाताना ओरडायच्या, “अरे, तू ‘पुढच्या वर्षी’ म्हणायला लागलास तेव्हा तुला केस होते.”

“हाक्जुनच्या आई, जाल तेव्हा माझ्याच होडीत बसाल!”

“बसेन की. तू वल्हव, मी पाणी उपसते.”

ज्या वर्षी आमच्याकडे फुटबॉलचा विश्वचषक झाला त्या वर्षी, उन्हाळा सरता सरता, रेडक्रॉसचा एक माणूस टाय लावून टोफूच्या दुकानात आला. मी तिथंच होते, सोयाबीन निवडत.

“प्यो गुमदान आपणच का, आजी?”

ताईंनी आधी मागं वळून पाहिलं. मग म्हणाल्या, “हो, मीच. का?”

“उत्तरेकडून आपला शोध घेतलाय. पेक छुनसिक नावाचे गृहस्थ. पत्नीला आणि मुलाला, म्हणजे मुलगा का मुलगी त्यांना माहीत नाही, तर अपत्याला भेटायची इच्छा आहे.”

ताईंनी हात पुसले. “दुसरा कुणीतरी असेल बाबा. माझा नवरा मेलाय.”

“गावाचं नाव, वडिलांचं नाव, सगळं जुळतंय आजी. त्यांनी लिहिलंय की पत्नीच्या डाव्या भुवईत भाजल्याचा व्रण आहे.”

व्रण तिथंच होता, आम्हा सगळ्यांच्या समोर. तरी ताई हट्टानं म्हणाल्या, “अरे, मेलाय म्हणते ना! दरवर्षी मी त्याला जेवायला घालते. हिला विचार.”

तो माणूस समजूतदार होता. टोपी काढून बसला. त्यानं ताईंनी दिलेला टोफू खाल्ला. मग जाता जाता हळूच सांगितलं की त्या गृहस्थांनी तिकडे दुसरं लग्न केलंय, मुलंबाळं आहेत, आणि भेट पुढच्या महिन्यात सरहद्दीपलीकडे कुमगांगच्या डोंगरापाशी आहे. यायचं की नाही ते आठवड्यात कळवा.

दुसरं लग्न ऐकून ताई बिथरल्या, असं बाजाराला वाटलं. सोकजे न्हाव्याची बायको तर समजूत घालायलाच आली. पण मला फळीपलीकडून रोज पहाटे ताईंचं जातं ऐकू यायचं. ते कधी मध्येच थांबायचं, मग बराच वेळ सुरूच व्हायचं नाही. तिसऱ्या दिवशी मी उठून गेले.

“ताई, त्यांनी दुसरं लग्न केलं म्हणून...”

“करू दे की. पुरुष माणूस, एकटा काय करणार होता? भात शिजवता येत नव्हता त्याला.” त्यांनी जात्यात पाणी ओतलं. “औषधवालीण, मी त्याला पन्नास वर्षं मेलेल्याचा भात घातला गं. जिवंत माणसाला. चमचा उभा रोवून. दरवर्षी. त्यानं काय होतं माहितीय? आयुष्य तुटतं. तिकडे दुष्काळ पडला, माणसं पटापट मेली म्हणतात. त्याची पोरं गेली असतील का गं त्यात? माझ्यामुळं?”

“असं काही नसतं ताई.”

“तुमच्या मेरीमातेच्या घरी नसेल. आमच्याकडे असतं.”

“मग जाऊन बघा ना. तो जिवंत आहे, म्हणजे तुमच्या भातानं काही वाईट झालेलं नाही.”

“आणि त्यानं विचारलं, गुमदान, इतकी वर्षं माझी वाट पाहिलीस का? तर काय सांगू? तिसऱ्याच वर्षी तुला पुरलं म्हणून?” त्या जात्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. “तीन वर्षं. तीनच वर्षं पाहिली मी वाट.”

हाक्जुन तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, शाळेची बस चालवणारा, फार न बोलणारा माणूस. तो त्या सकाळी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आई, तू येऊ नकोस हवं तर. मी जाणार. मला बघायचंय मी कुणासारखा दिसतो.”

त्यावर ताईंचं काही चाललं नाही. एक अट मात्र त्यांनी घातली. श्राद्धाचं नाव काढायचं नाही. त्यानं विचारलं तरी नाही. हाक्जुननं मान डोलावली. मला म्हणाल्या, “आणि तू इथं तोंड उघडू नकोस. त्या न्हाव्याला माझी ही भीती कळली तर तो सरहद्दीवरच्या भोंग्यावरून पलीकडे सांगेल.”

मी पोटाची, सांधेदुखीची औषधं बांधून दिली. ताईंनी त्याच्यासाठी जाड बंड्या आणि मोजे घेतले. टोफू नेता येईल का म्हणून रेडक्रॉसच्या माणसाला त्यांनी दोनदा फोन केला. त्यानं दोन्हीदा नाही म्हटलं. त्या गेल्या तेव्हा अख्खा बाजार धक्क्यावर होता. सोकजेनं त्यांच्या हातात एक कंगवा दिला. “छुनसिकला द्या. माझ्याकडून.”

पुढचं सगळं मी त्या दोघांकडून ऐकलं. एक सांगायचं, दुसरं मध्येच तोडायचं, असं करत करत.

मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येकावर आकडा. पलीकडच्या दारानं म्हातारे येऊ लागले तेव्हा ताई एकवीस वर्षांचा पोरगाच शोधत होत्या. हाक्जुननं त्यांना कोपरानं ढोसलं. समोर छातीवर बिल्ला लावलेला, करड्या कोटातला, वाकलेला माणूस उभा. कपाळ, नाक, उभं राहायची ढब, सगळी हाक्जुनची. शेजारी त्याची मुलगी, मिहवा, चाळिशीची, ताठ.

काय म्हणून हाक मारावी ते ताईंना कळेना. अरेतुरे करायची तर हा म्हातारा परका, आणि अहो म्हणायची सवय कधीच मोडली होती. शेवटी त्याच बोलल्या, “केवढे म्हातारे झालात हो तुम्ही!”

“तू कुठं राहिलीयस तशी?” तो म्हणाला. मग हाक्जुनकडे पाहिलं. “हाच का?”

हाक्जुननं जमिनीवर कपाळ टेकून नमस्कार केला. खाली वाकला तो उठेचना. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “पोटात होतास तेव्हा लाथा फार मारायचास रे. तुझ्या आईला झोप नाही, मला झोप नाही.”

पहिला दिवस असाच रडण्यात आणि फोटो दाखवण्यात गेला. तो आणि मिहवा तिकडच्या सरकारचे आभार मानत राहिले. प्रत्येक वेळी आभार मानले की म्हातारा थोडा थांबायचा आणि दाराशी उभ्या असलेल्या तिकडच्या माणसाकडे बघायचा. ताईंनी होडीचं विचारलं नाही. श्राद्धाचा तर विषयच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकत्र जेवण होतं. ताई त्याच्या शेजारी बसल्या. वाढपी मुलींनी भाताचे झाकलेले वाडगे आणून ठेवले. ताईंनी त्याचं झाकण काढलं, माशाचा काटा वेगळा केला, टोफूचा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला. हाक्जुन मिहवाशी बोलत होता, तिच्या मुलांची नावं विचारत होता. ताई वाढत राहिल्या, जसं आयुष्यभर वाढलं तसं. आणि शेवटी त्यांनी त्याचा चमचा उचलला आणि भातात मधोमध उभा रोवला.

हाक्जुन म्हणाला, “मी माझा चमचा खाली ठेवला.”

ताई म्हणाल्या, “मी उठायला लागले होते गं. दार ओढून घ्यायला.”

मिहवाचा चेहरा उतरला. शेजारच्या टेबलावरची म्हातारी बाईही वळून पाहायला लागली. तिकडे पितरांचं फारसं करत नाहीत म्हणतात, पण उभा चमचा म्हणजे काय ते कुणालाही कळतं. मिहवा हळू पण धारदार आवाजात म्हणाली, “बाबा, तो भात बाजूला ठेवा. मी दुसरा मागवते.”

ताई अर्धवट उठलेल्या, तशाच उभ्या. तोंडावर हात. म्हाताऱ्यानं वाडग्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, हाक्जुनच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं असावं.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“तिसऱ्या वर्षापासून,” ताई म्हणाल्या. लपवून काही उपयोग नव्हता. “नवमीला.”

“दरवर्षी?”

“दरवर्षी.”

तो चमचा त्यानं उपसला. बाजूला ठेवला नाही. त्याच चमच्यानं भाताचा मोठा घास घेतला आणि सावकाश चावत राहिला. मग दुसरा. मिहवा ‘बाबा’ म्हणाली, तिच्याकडे त्यानं पाहिलंच नाही. “बस खाली,” ताईंना म्हणाला. “माणूस जेवताना कुणी उठून जातं का? काय काय वाढायचीस?”

“मासा. टोफू. नेच्याची भाजी. नासपती.”

“मासा खारा?”

“खाराच.”

“आणि तिखट?”

“तिखट कसं घालू? पितरांना...” ताईंनी जीभ चावली.

“तरीच!” म्हातारा मुलीकडे वळला. “ऐकलंस? तुझी आई बिचारी आयुष्यभर ऐकून घेतेय की हिच्या हाताला चव नाही. मला सगळं सपक लागायचं ते यामुळं.”

मिहवाला हसावं की नाही कळेना. मग ती हसलीच, तोंडावर हात धरून, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. म्हाताऱ्यानं अख्खा वाडगा संपवला, तळाला चिकटलेली शितंसुद्धा. मग खाली बघतच, घास चघळावा तसा, तो बोलायला लागला. होडी उलटली. तो पलीकडच्या चिखलात लागला, आपल्याच गावच्या बाजूला. घरी गेला तर आई तापानं पडलेली. चार दिवसांत तिला बरं वाटेल आणि तिला घेऊन निघू म्हणाला. तिसऱ्या महिन्याच्या विसाव्या दिवशी ती गेली. तिला पुरून किनाऱ्यावर आला तेव्हा पाण्यावर कुणाला जाऊ देत नव्हते. “समोर बेट दिसायचं,” तो म्हणाला. “धूर दिसायचा. कुणाच्या चुलीचा ते काही कळायचं नाही.”

“तिसऱ्या महिन्याचा विसावा दिवस,” ताई म्हणाल्या. “हाक्जुन, लक्षात ठेव.”

तिसऱ्या दिवशी निरोप. बसमध्ये चढायच्या आधी ताईंनी मिहवाला बाजूला घेतलं. तोवर ती त्यांना ‘मोठी आई’ म्हणायला लागली होती.

“पोरी, एक सांग. हे गेले की मला कसं कळवशील? पत्र येत नाही, फोन लागत नाही. मला तिथी हवी गं. नवमीला मी आता काही करू शकत नाही, आणि हे गेल्यावर केलं नाही तर वर हे उपाशी राहायचे.”

मिहवानं दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं, मग ताईंचे दोन्ही हात धरले. “मोठी आई, आपला देश एक झाला की मी स्वतः येईन. तुमच्या दारात येऊन सांगेन.”

“बरं,” ताई म्हणाल्या. “मग यांना सांग, तोवर थांबा.”

बेटावर परतल्या तेव्हा सोकजे न्हावी दुकान उघडं टाकून धक्क्यावर धावला. “काय म्हणाला छुनसिक? कंगवा दिलात?”

“दिला. तुझ्यापेक्षा केस जास्त आहेत त्याला.”

“आणि काय म्हणतात तिकडचे? पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षीच होऊ दे रे,” ताई म्हणाल्या. “तो पंच्याहत्तरीला आलाय.” ताई न्हाव्याला टोमणा न मारता उत्तर देतायत हे मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या वर्षी नवमीला त्यांनी बाजाराला टोफू पुरवला आणि दुपारी दुकान बंद करून माझ्याकडे येऊन बसल्या. हात रिकामे. काय करावं ते सुचेना. सासूबाईंचं श्राद्ध त्यांनी पुढच्या वसंतात, विसाव्या दिवशी, थाटात केलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या म्हातारीला स्वतःची तिथी मिळाली होती. नवऱ्याचा मात्र त्या आता वाढदिवस करायच्या. चौथ्या महिन्यात समुद्रशेवाळाचं सार, जिवंत माणसाच्या वाढदिवसाला करतात तसं, आणि सोबत लालभडक किमची, कोबीचं तिखट लोणचं. मेलेल्याच्या ताटात न चालणारं सगळं. ते जेवण हाक्जुन आणि मी संपवायचो. “तिखट आहे का?” त्या विचारायच्या. तिखट असायचंच. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं.

वर्षं गेली. भेटी बंद झाल्या, सुरू झाल्या, पुन्हा बंद झाल्या. त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. एकदा भेटलेल्यांना येत नाही. बेटाला पूल झाला. शनिवार-रविवारी सोलहून तरुण मुलं गाड्या घेऊन येतात, दुर्बिणीतून पलीकडे बघतात आणि कॉफी पितात. कधी दोन्ही किनाऱ्यांवरचे भोंगे चालू होतात, कधी बंद. एका वर्षी दोन्हीकडचे पुढारी हात धरून सरहद्दीची रेषा ओलांडताना टीव्हीवर दिसले. सोकजे तेव्हा अंथरुणाला खिळलेला. पोराला म्हणाला, मला उठवून बसव. ताई मात्र मला म्हणाल्या, “कशाला हात धरतात गं इतका वेळ? एक पोस्टमन सोडा म्हणावं. पेट्या भरून तिथ्या आणेल तो.”

त्यांचा नातू उजीन सोलमध्ये कॉम्प्युटरवर काम करतो. एका सणाला जेवताना तो बोलून गेला, “आजी, खरं सांगू का? एकत्र आलो तर कर भरून आमची पिढी मरेल. माझ्या मित्रांपैकी कुणालाच नकोय ते.”

हाक्जुननं वाडगा आपटला. ताई म्हणाल्या, “ओरडू नकोस त्याच्यावर. त्यानं तिकडचं कुणाला पाहिलंय?” मग उजीनला म्हणाल्या, “तुम्ही झेंडा एक करू नका, नोट एक करू नका. एक बाई माझ्या दारात येऊन दोन शब्द बोलेल, एवढंच करा. ते स्वस्तात होईल.”

कोरोनाच्या साथीच्या दुसऱ्या हिवाळ्यात ताई गेल्या, नव्वदीच्या. शेवटच्या आठवड्यात त्या हसत मला म्हणाल्या, “आता मीच जाऊन बघते, तो तिथं पोचलाय का. पण पोचला असेल तरी तुम्हाला कसं कळवणार? तिथूनही टपाल येत नाही.”

त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मी गेले. पूर्वी हे मध्यरात्री चालायचं, हल्ली संध्याकाळीच उरकतात. माझे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून हाक्जुननं मला भिंतीशी खुर्ची दिली. तो सत्तरीचा, अगदी त्या करड्या कोटातल्या म्हाताऱ्यासारखा. हाक्जुनच्या बायकोनं, ताईंच्या सूनबाईंनी, ताट मांडलं होतं. आमच्याकडे नवराबायकोचं एकत्र करतात. एक गेल्यावर दुसरं गेलं की दोघांची नावं, दोघांचे वाडगे. सूनबाई दुसरा वाडगा हातात घेऊन थांबल्या होत्या.

“मांडू का हा?”

“नको,” हाक्जुन म्हणाला.

“अहो, ब्याण्णव झाली असतील त्यांना. तिकडची थंडी, तिकडचं खाणं. कधीच गेले असतील. आई एकट्या जेवणार का?”

“तुला कुणी सांगितलं गेले म्हणून?”

“कुणी नाही.”

“मग?”

त्यानं आईचं एकटीचं नाव लिहिलं, नमस्कार केला, आणि आम्ही सगळे उठून बाहेर अंगणात आलो. उजीननं मला हात दिला. दार ओढून घेतलं. थंडी होती, पलीकडे योनबेकच्या बाजूला एकही दिवा नव्हता. उजीन बराच वेळ पायानं खडे उडवत होता.

“बाबा,” तो म्हणाला, “मला ठरवून सांगा. तुमच्या मागं हे माझ्याकडे येणार. आजोबा किती वर्षांचे होईपर्यंत जिवंत धरायचे? शंभर? एकशे दहा?”

“ती मिहवा येऊन सांगेपर्यंत.”

“मिहवा आत्याच साठीच्या आहेत.”

“मग तिची पोरं सांगतील. नावं माहितीयत मला, तुला लिहून देतो.”

“आणि कुणीच आलं नाही तर?”

हाक्जुननं कोटाच्या खिशात हात घातले. “तर तुझ्या पोरांना सांग,” तो म्हणाला, “की तुमचे पणजोबा पलीकडे राहतात. वसंतात त्यांचा वाढदिवस असतो.”

उजीननं ओढलेल्या दाराकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, “त्या वाढदिवसाच्या सारात काय काय घालतात?” आणि पायरीवरून सूनबाईंनी मला हाक मारली, म्हणाल्या, औषधवाल्या काकू, तुम्हीच सांगा त्याला, तुम्ही ते दरवर्षी खाल्लंयत.